मिस्टर

आमच्या खामल्यात बाया नवऱ्याला मिस्टर म्हणायच्या.
मीही म्हणायची. माहेरपणाला आले की नळावर कुणी विचारायचं,
काय करतात गं? मी सांगायची,
“आमचे मिस्टर मिस्टरवर असतात.”
हसता हसता कुणाची तरी घागर सांडायचीच.

विमानाचं खरं नाव मिस्तेर. फ्रान्सचं.
हँगरातल्या पोरांच्या तोंडात दोन दिवसांत त्याचा मिस्टर झाला
आणि मला सवत आली:
पत्र्याची, तेलकट, नाकाच्या जागी नुसतं भोक,
अपरात्री माणूस पाठवून बोलावून घेणारी.

शालिकराम उरकुडे, एअरफ्रेम फिटर.
मॅट्रिकला इंग्रजीत छत्तीस मार्क,
आणि हातात दिलं फ्रेंच पुस्तक.
शिकवायला गास्तों म्हणून एक म्हातारा, बोर्दोचा,
कानावर पेन्सिल, बोटाचं एक पेर नसलेला.
डावं म्हणजे गोश, त्याने शिकवलं.
संकष्टीला हे झोपेत बडबडले, गोश, गोश,
मी उठून देवाजवळचा दिवा नीट केला.

गास्तोंला मी सांबारवडी खाऊ घातली होती.
डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी चौथी मागितली.
जाताना म्हणाला, ओ रव्हार.
यांनी मला अर्थ सांगितला: पुन्हा भेटेस्तोवर.
मी म्हटलं, मग त्यात काय एवढं, आपण “येतो”च म्हणतो की.
जातो म्हणतं का कुणी दारातून?

युद्धाचं मला फार सांगता येत नाही.
खिडक्यांना काळे कागद होते. दूध नव्हतं.
एका सकाळी सहा गेली, पाच आली.
सहाव्यातला लाहिरी, तेवीस वर्षांचा,
आदल्या रविवारी आमच्याकडे कॅरम खेळून गेलेला.
त्या विमानाच्या कागदावर सही यांची होती.
चौकशी झाली. दोष नाही, असं लेखी आलं.
तेव्हापासून पेन्शनच्या स्लिपवरसुद्धा
सही करून हे तीनदा बघतात,
मागे रांगेतली माणसं चुकचुकतात,
आणि मी त्यांच्याकडे वळून बघते. मग गप्प बसतात.

पुढे यांची बदली झाली, सोनेगावला. घर सापडलं, सवत सुटली.
मग ऐकलं, स्क्वॉड्रन बंद होणार.
चांदीचे कप पेटीत, झेंडा घडी करून,
रोजनामचा दिल्लीला कुठल्याशा कपाटात.
पण नंबर मोडीत काढत नाहीत, हे म्हणाले,
नंबर झोपवतात. नवं विमान आलं की उठवतात.
माणसांचं काय करतात, ते मी विचारलं नाही.

शेवटची चार विमानं तेल घ्यायला सोनेगावला उतरली.
एप्रिल होता. डांबर चपलेला धरत होतं.
मला कुंपणाबाहेरून बघायची परवानगी मिळाली,
डब्यात सांबारवडी, कागदात बांधलेली, सोळा.
वैमानिक सगळे नवे, कुणी गास्तोंचं नाव ऐकलेलं नाही.
हे पंखाखाली वाकले. चाकाच्या खोबणीत हात घातला,
बराच वेळ हात आतच होता.
गाय विकताना मामंजी असेच उभे होते, गोठ्यात, पाठमोरे.

मग ती गेली. आवाज मागे राहिला, अंबाझरीपर्यंत,
नंतर कुत्री भुंकली, नंतर काहीच नाही.
कुठे कापली, कुणी वजनावर घेतली, कळलं नाही.

आता यांना नावं आठवत नाहीत. मला कधी कधी ताई म्हणतात.
नात मिहानमध्ये कामाला लागली, विमानांचेच भाग म्हणे,
तिने परवा विचारलं, आबा, डावं म्हणजे?
चमचा खाली ठेवून म्हणाले, गोश.
मग आपणहून सांगितलं, इतक्या वर्षांनी, तिला, मला नाही:
खोबणीत खडूने लिहिलं होतं.

काय लिहिलं होतं, येतो?

छे, म्हणाले. येतो जाणारा म्हणतो.
मी तर इथंच होतो.
मी लिहिलं, या.